'पोप' : एका पदवीची कुळकथा

'पोप' हा शब्द कानीं पडतांच मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें बहुधा वैभवाचें असतें. रोम येथील सेंट पीटरचें प्रचंड मंदिर, उंच सज्ज्यांत शुभ्र झगा परिधान केलेली एक वृद्ध मूर्ति, आशीर्वादासाठीं उचललेला हात, आणि खालीं विस्तीर्ण चौकांत दाटलेला जनसमुदाय. ज्यांनीं युरोपचा इतिहास थोडाबहुत वाचलेला असतो, त्यांना याखेरीज राजेरजवाड्यांस बहिष्कृत करणारीं आज्ञापत्रें आठवतात, तिहेरी मुकुट आठवतो, ल्यूथरचें बंड आठवतें. आपल्या देशांत तर या शब्दाला एक निराळाच रंग चढला. स्वामी दयानंद सरस्वतींनीं 'सत्यार्थप्रकाशां'त, धर्माच्या नांवावर भोळ्या लोकांस नाडणाऱ्या उपाध्यायांना 'पोप' ही संज्ञा दिली, आणि 'पोपलीला' हा शब्द उत्तर हिंदुस्थानांतील वादविवादांत वाग्बाणासारखा सुटूं लागला. मौज अशी कीं, हा बाण सोडतांना स्वामींनीं शब्दाचा मूळ अर्थहि सांगून टाकला आहे. रोमन भाषेंत पोप म्हणजे वडील किंवा बाप, असें ते म्हणतात. आणि तें बरोबर आहे. बापाच्या नांवाची अशी अवस्था कशी झाली, याची कथा अठराशें वर्षांहून अधिक लांबीची आहे.

वस्तुतः 'बाप' हें भाषांतरहि थोडें जडच होतें. लॅटिन भाषेंत बापाला 'पातेर' असा भारदस्त शब्द आहे. संस्कृतांतील 'पितृ' शब्दाचा तो सख्खा भाऊ. कायद्याच्या पुस्तकांत, देवाच्या प्रार्थनेंत, पूर्वजांच्या स्मरणांत तो शोभतो. 'पापा' हा शब्द त्या घराण्यांतला नव्हे. तो ग्रीक 'पाप्पास'वरून आलेला, आणि ग्रीकांत तो बोबड्या बोलांतला. मिटलेले ओठ उघडले कीं जो उच्चार आपोआप होतो, तो लहान मुलानें जवळच्या माणसाला बहाल करावा, हा जगभरचा प्रघात आहे. आपले बाबा, आबा, अप्पा याच रीतीनें ओठांवर आले. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्याच्या सहाव्या सर्गांत नॉसिका नांवाची राजकन्या आपल्या पित्यापाशीं, धुणें नदीवर न्यावयास एक गाडी जोडून द्या, म्हणून मागणें करते. बाप राजा आहे, मुलगी उपवर झालेली आहे, मनांत लग्नाचे विचार आहेत आणि ते बोलून दाखविण्याची लाज आहे. अशा वेळीं ती त्याला राजा म्हणत नाहीं, पित्याला शोभणारा भारदस्त शब्दहि वापरीत नाहीं. ती त्याला लाडकें 'पाप्पा' म्हणते. आणि बापहि तिच्या मनांतलें सारें ओळखून गाडी देववितो. ज्या शब्दानें पुढें बादशहांना कांपरें भरविलें, तो युरोपच्या वाङ्मयांत प्रथम भेटतो तो असा, धुण्याच्या गाडीपाशीं.

मराठींत हीं दोन्ही घराणीं येऊन पोंचलेलीं आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. 'पातेर'चें पोर्तुगीज रूप 'पाद्रे'. पोर्तुगीज गलबतांबरोबर तें गोव्यास व कोंकणकिनाऱ्यास लागलें आणि त्याचा 'पाद्री' झाला. 'पापा'चें इंग्रजी रूप 'पोप'. तें इंग्रजी ग्रंथांबरोबर आलें. एक शब्द गांवोगांव हिंडणाऱ्या धर्मोपदेशकाला मिळाला, दुसरा साऱ्या कॅथॉलिक जगताच्या मुख्याला. अर्थ दोहोंचा एकच. गोव्याच्या आर्चबिशपांना इ. स. १८८६ पासून 'पूर्वेकडील इंडीजचे पेट्रिआर्क' अशी जी पदवी आहे, तिच्याहि पोटांत बापच दडलेला आहे, कारण पेट्रिआर्क म्हणजे कुलपिता.

ख्रिस्ती संघाच्या आरंभकाळांत अधिकाऱ्यांचीं नांवें मोठीं साधीं, किंबहुना कचेरींतलीं वाटावीं अशीं होतीं. 'एपिस्कोपोस' म्हणजे देखरेख करणारा, 'प्रेस्बितेरोस' म्हणजे वयानें वडील, 'दियाकोनोस' म्हणजे सेवक. मराठी बायबलांत त्यांना अनुक्रमें अध्यक्ष, वडील व सेवक असे प्रतिशब्द योजलेले आहेत; त्यांतील पहिल्याचाच इंग्रजींत बिशप झाला. हीं सारीं कामांचीं नांवें. काम सोंपविलें कीं नांव मिळे, काम गेलें कीं नांव जाई. 'पापा' हें कामाचें नांव नव्हे, तें नात्याचें. तें कोणी नेमून देत नसे आणि कोणाला मागूनहि मिळत नसे. हांक मारणाराच्या ओठांवर तें आपण होऊन यावें लागे. या पदवीचा इतिहास म्हणजे ती हांक मारणाराच्या हातून हळूहळू कशी निसटली, आणि ज्याला हांक मारावयाची त्याच्या मालकीची कशी झाली, याचा इतिहास होय.

अशी हांक मारावी कीं नाहीं, हाच मुळीं एक प्रश्न होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायांत येशू आपल्या शिष्यांना बजावतो कीं, पृथ्वीवर कोणालाहि पिता म्हणण्याचें कारण नाहीं, पिता एकच आणि तो स्वर्गांतला. सोळाव्या शतकापासून प्रॉटेस्टंट पंडितांनीं हें वचन रोमच्या तोंडावर वारंवार फेंकलें. रोमचे कैवारी उत्तर देत कीं, पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहितांना स्वतःस त्यांचा पिता म्हणवून घेतलेंच आहे, आणि येशूचा रोख मानाला हपापलेल्या शास्त्र्यांवर होता, नात्यावर नव्हता. दोन्ही पक्षांजवळ ग्रंथाधार आहे. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतल्या साध्या ख्रिस्ती माणसानें हा खल केलेला दिसत नाहीं. 'पातेर' शब्दापाशीं कदाचित् त्याची जीभ अडखळली असती. बोबड्या शब्दाला पदवी कोण समजणार?

उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज शहरीं इ. स. २०३ मध्यें पर्पेटुआ नांवाची एक तरुण माता व तिचे सोबती, धर्म सोडीत नाहींत म्हणून, श्वापदांपुढें टाकले गेले. तुरुंगांत त्यांनीं लिहून ठेविलेला मजकूर आज उपलब्ध आहे. त्यांत सातुरुस नांवाच्या सोबत्यानें आपलें एक स्वप्न सांगितलें आहे. मरणानंतर तो आणि पर्पेटुआ स्वर्गांत पोंचले आहेत. दाराबाहेर पाहतात तों बिशप ऑप्टाटुस आणि एक वडील धर्मशिक्षक परस्परांपासून दूर, खिन्न मुद्रेनें उभे. ते दोघे या हुतात्म्यांच्या पायांवर लोळण घेतात आणि आपसांतला तंटा मिटवून द्या म्हणून विनवितात. हुतात्मे गडबडून जातात. आपला पापाच आपल्या पायां पडतो हें काय, असें त्यांना होऊन जातें. ते दोघांना उराशीं धरतात, पर्पेटुआ त्यांच्याशीं ग्रीक भाषेंत बोलूं लागते. इतक्यांत देवदूत मधें पडून बिशपाला फटकारतात कीं, शर्यतीच्या मैदानावरून लोकांनीं आपापल्या पक्षासाठीं भांडत परतावें तसे तुझे लोक तुझ्याकडे येतात, त्यांना आधीं वळण लाव. बिशपासाठीं 'पापा' हा शब्द ज्या अगदीं जुन्या लॅटिन लेखांत आढळतो, त्यांपैकीं हा एक. त्या शब्दांत माया किती आणि मोकळेपणा किती! बापाची चूक त्याच्या पदरांत घालण्याइतकें तें नातें जवळचें होतें.

त्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं याच कार्थेजचा बिशप सिप्रियन याला रोमहून पत्रें आलीं. रोमचा बिशप फेबियन इ. स. २५० च्या जानेवारींत छळाला बळी पडला होता. डेसियस बादशहाच्या धाकानें वर्षाहून अधिक काळ नवा बिशप निवडतां आला नाहीं. रोमच्या संघाचे वडील व सेवक मिळून कारभार पाहत होते. त्यांनीं सिप्रियनला लिहिलेल्या पत्रांच्या मथळ्यांत त्याला 'पापा' असें संबोधिलें आहे. रोमच्या धर्माधिकाऱ्यांनीं कार्थेजच्या बिशपाला पोप म्हणावें, हें आज उफराटें वाटेल. त्या काळीं त्यांत नवल कांहींच नव्हतें. ईजिप्तमध्यें अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस हाहि त्याच सुमारास, आपल्या आधींचा बिशप हेराक्लस याचा उल्लेख करतांना त्याला 'पापा' म्हणतो. पुढें इ. स. ३२० च्या सुमारास एरियस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूनें ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीं निराळें मत मांडून साऱ्या ख्रिस्ती जगांत वादळ उठविलें. त्याचा पहिला प्रतिपक्षी त्याचाच बिशप अलेक्झांडर. पण त्याला आपलें म्हणणें लिहून पाठवितांना एरियस आरंभीं 'पापा' अशीच हांक मारतो. इतकें विकोपाला गेलेलें भांडणहि तोंडानें अजून घरांतलेंच होतें.

रोमच्या बिशपाला हा शब्द लावल्याचा अगदीं जुना असा एक पुरावा दगडावर कोरलेला आहे. रोमबाहेर आप्पिया मार्गालगत कॅलिस्टसचें म्हणून ओळखलें जाणारें भुयारी दफनस्थान आहे. तेथें सेव्हेरुस नांवाच्या एका डीकननें, म्हणजे संघाच्या सेवकानें, आपल्या कुटुंबासाठीं दोन दालनांची जागा खोदविली आणि तसा लेख लावला. आपला 'पापा' मार्सेलिनुस याच्या परवानगीनें हें काम केलें, असें त्यांत तो नमूद करतो. मार्सेलिनुस हा इ. स. २९६ पासून ३०४ पर्यंत रोमचा बिशप होता. परवानगीची बाब एका ओळींत आटोपते. लेखाचा उरलेला भाग सेव्हेरुसच्या मुलीविषयीं आहे. तिचें नांव सेव्हेरा. आईबापांना ती गोड होती, नोकरचाकरांना गोड होती, आणि दहावें वर्ष पुरें होण्याआधींच ती गेली. जगांतील एका अत्यंत बलाढ्य पदवीची ही जुनी नोंद तपासावयास गेलेल्या संशोधकाला आधीं एका बापाचें दुःख ओलांडून जावें लागतें. तेथें राजदंड नाहीं, मुकुट नाहीं. जमिनीखालीं थोडी जागा खोदूं देणारा एक वडीलधारा मनुष्य आहे, एवढेंच.

चौथें शतक संपून पांचवें उजाडलें तरी हा शब्द सर्वांचाच होता. बेथलेहेमांत राहणारा महापंडित जेरोम हा आफ्रिकेंतील हिप्पो या बंदराच्या बिशपाला, म्हणजे ऑगस्टिनला, पत्रें लिहितांना 'पापा' म्हणूनच लिहितो. आणि या दोघांचे वाद वाचले म्हणजे ती केवळ शिष्टाचाराची साखर होती असेंहि कधीं कधीं वाटतें. पुढें मात्र पश्चिमेंत एक बदल होत गेला. पूर्वेकडे अलेक्झांड्रिया, अँटिऑक, जेरुसलेम, कॉन्स्टँटिनोपल अशीं मोठीं धर्मपीठें अनेक होतीं. पश्चिमेंत पेत्र आणि पौल यांच्या समाधींचें स्थान असें एकच, रोम. बादशहा पूर्वेकडे निघून गेले, कचेऱ्या ओस पडल्या, रानटी टोळ्या आल्या आणि गेल्या. शहरांत टिकून राहिला तो बिशप. लोकांची नजर जिकडे वळली तिकडे शब्दहि वळला. सहाव्या शतकापासून लॅटिन बोलणाऱ्या मुलखांत 'पापा' म्हटलें म्हणजे बहुधा रोमचा बिशपच समजला जाऊं लागला. यांत कोणाची कारवाई नव्हती. पुष्कळशीं नांवें अशींच आकुंचन पावतात.

याच वळणावर पदव्यांसंबंधीं एक विलक्षण वाद उपस्थित झाला, आणि तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. इ. स. ५९० मध्यें रोममध्यें महामारी पसरली आणि तींत बिशप पेलाजियस दुसरा मरण पावला. त्याच्या जागीं ग्रेगरी याची निवड झाली. हा एका धनाढ्य घराण्यांतला, एके काळचा शहराचा मुख्य दिवाणी अधिकारी. पुढें संपत्तीचा त्याग करून त्यानें आपल्या वाड्याचाच मठ केला. कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारीं रोमचा वकील म्हणून त्यानें कांहीं वर्षें काढलीं होतीं. परंतु ग्रीक भाषा आपल्याला येत नाहीं असें तो स्वतःच सांगतो, आणि पुढील प्रकरणांत ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

कॉन्स्टँटिनोपलचा पेट्रिआर्क त्या वेळीं योहान हा होता. त्याचीं उपासतापासाचीं व्रतें इतकीं कडक कीं, लोक त्याला 'उपोषक' म्हणत. त्याच्या नांवापुढें 'ओइकुमेनिकोस' अशी एक पदवी लावली जात असे. ग्रीकांत 'ओइकुमेने' म्हणजे वसलेली पृथ्वी. पण राजधानीच्या बोलींत पृथ्वी म्हणजे बादशहाचें राज्य, आणि तेवढ्या अर्थानें ही पदवी 'साम्राज्याच्या राजधानीचा पेट्रिआर्क' यापलीकडे फारशी जात नव्हती, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. रोमांत ती लॅटिन होऊन पोंचली. लॅटिन भाषांतर झालें 'युनिव्हर्सालिस', म्हणजे विश्वाचा, सर्वांचा. ग्रेगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. इ. स. ५९५ मध्यें त्यानें योहानला, मॉरिस बादशहाला, बादशहाच्या राणीला, अलेक्झांड्रिया व अँटिऑक येथील पेट्रिआर्कांना, अशीं सर्वत्र पत्रें धाडलीं. त्याचा युक्तिवाद असा: एक मनुष्य जर सर्वांचा बिशप, तर बाकीचे बिशप उरले कोठें? आणि तो एक घसरला तर सारा संघच त्याच्याबरोबर घसरेल. ही मानाची पदवी रोमच्या बिशपाला पूर्वीं देऊं केली असतां आपल्या पूर्वजांपैकीं कोणीं ती स्वीकारली नाहीं, असेंहि त्यानें लिहिलें. अशा नांवाची हांव धरणें म्हणजे ख्रिस्तद्रोह्याच्या आगमनाची नांदी, इथपर्यंत त्याची लेखणी गेली.

बादशहाला हें सारें क्षुल्लक वाटलें. एका पोकळ शब्दासाठीं एवढा गहजब करूं नये, असें त्यानें कळविलें. व्यवहारी राज्यकर्त्याला असें वाटावें हें साहजिक आहे, आणि भाषांतराची मेख लक्षांत घेतली तर त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. परंतु पोकळ शब्दांतहि कांहीं निरुपद्रवी असतात आणि कांहीं घातक, हें ग्रेगरीचें उत्तर अधिक खोल गेलेलें आहे.

खरी कसोटी तीन वर्षांनीं लागली. इ. स. ५९८ मध्यें अलेक्झांड्रियाचा पेट्रिआर्क यूलोजियस याचें पत्र आलें. हा ग्रेगरीचा स्नेही. कॉन्स्टँटिनोपलच्या पेट्रिआर्काला त्या गर्विष्ठ पदवीनें संबोधण्याचें आपण, ग्रेगरीच्या आज्ञेप्रमाणें, बंद केलें आहे, असें त्यानें लिहिलें. आणि पत्राच्या मथळ्यांत ग्रेगरीलाच 'विश्वाचा पापा' म्हटलें! दुसरा एखादा असता तर मनांत सुखावला असता. ग्रेगरीनें उलट टपालीं स्नेह्याची कानउघाडणी केली. आज्ञा हा शब्द पुन्हां काढूं नये. अधिकारानें आपण दोघे भाऊ आहों, आणि आचरणानें पाहिलें तर यूलोजियसच पित्याच्या ठिकाणीं आहे, असें त्यानें कळविलें. 'विश्वाचा' हें विशेषणहि नको. ज्या मानानें आपल्या भावांचा मान उणा होतो तो आपला मान नव्हे, असा त्याचा भाव आहे. एकीकडे हांक पदवी होऊं पाहत होती, आणि ज्याच्या पदरांत ती पडत होती तोच तिला पुन्हां हांकेच्या जागीं नेऊन बसवीत होता. या एका पत्रासाठीं ग्रेगरीला थोर म्हणण्यास हरकत नसावी.

स्वतःसाठीं त्यानें पत्पत्रीं जी पदवी वापरली ती 'ईश्वराच्या सेवकांचा सेवक'. योहानच्या अहंकाराला उत्तर म्हणून ती त्यानें प्रथम घेतली, असें नवव्या शतकांतला त्याचा चरित्रकार सांगतो. परंतु तत्सदृश शब्द ऑगस्टिननेंहि पूर्वीं वापरले होते. रोमचे बिशप आजतागायत ती धारण करतात. इतिहासाचा विनोद असा कीं, पदवी नाकारणाऱ्या या मनुष्याच्या हातून पदाचें बळ मात्र अतोनात वाढलें. सिसिलींतील जमिनींच्या धान्यावर त्यानें रोमला जगविलें, लाँबार्ड लोकांशीं तह केले, कैद्यांना पैसे भरून सोडविलें, इंग्लंडांत धर्मोपदेशक धाडले. ज्यानें पोटाला घातलें त्याला लोक बाप म्हणणारच. इ. स. ६०२ मध्यें मॉरिस बादशहाला ठार मारून फोकस गादीवर बसला, आणि ग्रेगरीच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांनीं त्यानें रोमचें पीठ सर्व पीठांचें शीर्ष असल्याचा निर्वाळा दिला. कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क 'ओइकुमेनिकोस' ही पदवी आजहि लावतात.

आणखी पांच शतकांनीं त्याच ग्रेगरीचें नांव धारण करणारा सातवा ग्रेगरी रोमच्या पीठावर आला. त्याच्या दप्तरांत इ. स. १०७५ च्या पत्रांबरोबर सत्तावीस छोट्या वाक्यांची एक यादी आहे. जाहीरनामा असा तो कधीं निघाला नाहीं. आपल्या अधिकारांचें हें टांचण असावें. त्यांतील अकरावें वाक्य म्हणतें कीं, हें नांव जगांत एकमेव आहे. आणि बारावें म्हणतें कीं, बादशहांना पदच्युत करण्याचा त्याला अधिकार आहे. तें एकमेव नांव म्हणजे 'पापा', असाच अर्थ सामान्यतः केला जातो. दोन वाक्यें शेजारीं शेजारीं आलीं हें अर्थपूर्ण आहे. दोनच वर्षांत जर्मनीचा राजा हेन्री चौथा कॅनोसाच्या किल्ल्याबाहेर, ऐन जानेवारींत, तीन दिवस क्षमेची वाट पाहत तिष्ठत राहिला. सेव्हेरुसनें परवानगी मागितली होती ती भुयार खणण्याची. हेन्रीला ती राज्य करण्यासाठीं हवी होती.

जी गोष्ट एकाची मिरास होते ती खरवडून काढण्याचीहि इच्छा कोणाला तरी होतेच. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री रोमपासून फुटला तेव्हां इ. स. १५३५ मध्यें त्यानें हुकूम काढला कीं, प्रार्थनेच्या सर्व पुस्तकांतून हें नांव खोडून टाकावें. त्या काळच्या हस्तलिखित प्रार्थनापुस्तकांत चाकूनें खरवडलेला किंवा शाईनें काट मारलेला 'पापा' हा शब्द आजहि ग्रंथालयांतून पाहावयास मिळतो. कांहीं मालकांनीं इतकी फिकी रेघ ओढली आहे कीं, खालचें अक्षर सहज वाचतां यावें. राजाचा हुकूमहि पाळला गेला आणि बापाचें नांवहि राहिलें.

रोमच्या बिशपाच्या इतर पदव्यांची कथा तुलनेनें रुक्ष आहे. 'पाँटिफेक्स मॅक्सिमस', म्हणजे पुरोहितांचा मुख्य, ही मूळ मूर्तिपूजक रोमची पदवी. शब्दशः तिचा अर्थ पूल बांधणारा. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत ग्रेशियन बादशहानें ती टाकून दिली आणि पंधराव्या शतकांत पोपांनीं ती शिलालेखांवर मिरविण्यास आरंभ केला. 'पेत्राचा प्रतिनिधि' याऐवजीं 'ख्रिस्ताचा प्रतिनिधि' म्हणवून घेण्याचा आग्रह तिसऱ्या इनोसंटनें, इ. स. ११९८ ते १२१६ या आपल्या कारकीर्दींत, धरला. व्हॅटिकनच्या वार्षिक निर्देशग्रंथांत अशा पदव्यांची मोठी यादी छापलेली असे; २०२० सालच्या आवृत्तींत त्या 'ऐतिहासिक' या सदराखालीं गेल्या. या यादींत 'पोप' हा शब्दच नाहीं, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें. तो सहीजवळच्या 'पी. पी.' या दोन अक्षरांत उरलेला आहे, आणि लोकांच्या तोंडीं. १३ मार्च २०१३ रोजीं फ्रान्सिस प्रथम सज्ज्यांत आले तेव्हां त्यांनींहि रोमला बिशप मिळाला असेंच म्हटलें. खालच्या चौकांतील लोक त्यांना 'पापा' म्हणून हांका मारीत होते.

पूर्वेकडे हा शब्द कधीं आटलाच नाहीं. ग्रीसमधील खेड्यांतला साधा, बायकापोरांचा धनी असलेला धर्मगुरु 'पापास'च म्हणविला जातो. लिहितांना रोमचा पोप आणि खेड्यांतला पापास यांत फरक केवळ आघाताचा. पहिल्या अक्षरावर जोर दिला कीं रोमचा, शेवटच्या अक्षरावर दिला कीं गांवचा. पापादोपुलोस हें ग्रीसमधील अत्यंत प्रचलित आडनांव, त्याचा अर्थ भटजीचा मुलगा. रशियांत तोच शब्द 'पोप' होऊन गांवच्या उपाध्यायाला चिकटला, आणि आपल्याकडल्याप्रमाणेंच चेष्टेचाहि झाला.

आणि अलेक्झांड्रियांत हेराक्लसचा वारसा चालूच आहे. ईजिप्तच्या कॉप्टिक संघाचे मुख्य स्वतःस अलेक्झांड्रियाचे पोप म्हणवितात; तेथील ग्रीक पेट्रिआर्कांच्या पदवींतहि तो शब्द आहे. इ. स. ४५१ मध्यें काल्सेडन येथील परिषदेंत ख्रिस्ताच्या स्वरूपावरून फाटाफूट झाल्यापासून रोम आणि कॉप्टिक संघ एकमेकांना दुरावले होते. पंधराशें वर्षांनीं, १९७३ च्या मे महिन्यांत, कॉप्टिक पोप तिसरे शेनूदा रोमला गेले. दहा तारखेस त्यांनीं आणि सहाव्या पॉलनीं एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्या कागदांत पॉल यांचा निर्देश रोमचे बिशप व कॅथॉलिक संघाचे पोप असा आहे, आणि शेनूदांचा अलेक्झांड्रियाचे पोप व संत मार्कच्या पीठाचे पेट्रिआर्क असा. ज्या नांवाला सातव्या ग्रेगरीच्या टांचणांत जगांत जोड नव्हती, तें एकाच कागदावर दोनदां लिहिलें गेलें. निरोप घेतांना शेनूदांच्या स्वाधीन अथेनेशियसच्या कांहीं अस्थि करण्यांत आल्या. हा चौथ्या शतकांतला अलेक्झांड्रियाचा बिशप. एरियसनें ज्याला 'पापा' म्हणून पत्र लिहिलें होतें, त्या अलेक्झांडरच्या पाठोपाठ तोच त्या पीठावर बसला होता. त्या अस्थि घेऊन शेनूदा ईजिप्तला परतले.